हातपंपाला लाल रंग कोणी द्यायचा?

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये माझे वास्तव्य दोनदा झाले. पहिल्यांदा १९९०च्या दशकात, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, एका मराठी कुटुंबाच्या घरातील माडीवरच्या दोन खोल्यांत. आणि दुसऱ्यांदा आता, निवृत्ती हाकेच्या अंतरावर आलेली असताना. मधल्या काळात भवरतालच्या बागेभोवतीची जुनी बंगलेवजा घरे एकेक करून पडली आणि त्या जागी इस्पितळे, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने उभी राहिली. सकाळी फिरायला निघाले की एखाद्या नर्सिंग होमच्या पायऱ्यांवर गाठोडी घेऊन बसलेली माणसे दिसतात. मंडला, दिंडोरी, सिवनीकडून रात्रीच्या गाडीने आलेली. हातात क्ष-किरण चित्राचे पिवळे पाकीट असते आणि डॉक्टर येण्याला अजून तीन तास असतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी अशाच एका पायरीवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसलेली दिसली. ती उठून चालू लागली तेव्हा मी थांबले. तिचे दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना घासत होते आणि पावले बाहेर फेकली जात होती. तिच्या वडिलांशी बोलणे झाले. हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. खर्चाची काही सोय सरकारी योजनेतून होणार होती, उरलेल्यासाठी बैलजोडी विकली होती. मी त्यांना एकच प्रश्न विचारला: पाणी कुठले पिता? टोल्यात हातपंप आहे, तो म्हणाला. सरकारी माणसांनी एकदा त्याला लाल रंग लावला होता, पिऊ नका म्हणून सांगितले होते. मग काय झाले? "रंग उड़ गया, तो फिर पीने लगे."

त्या उत्तरात मूर्खपणा नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्यात निखळ तर्क दिसतो. घरापासून वीस पावलांवर पंप आहे, विहीर पाऊण किलोमीटरवर. पंपाच्या पाण्याला वास नाही, रंग नाही, चव गोड. धोक्याची एकमेव खूण होती ती पावसाने धुऊन नेली, आणि ती पुन्हा लावायला कोणी आले नाही. प्रश्न त्या बापाला विचारायचा नसून आपल्याला, म्हणजे प्रशासनाला, विचारायचा आहे: तो रंग पुन्हा लावण्याचे काम कोणाचे होते?

मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावाचे नाव बालरोगतज्ज्ञांच्या वाङ्मयात १९९७ साली आले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेतील डॉ. तापस चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात तेथील मुलांच्या वाकलेल्या गुडघ्यांची हकिगत लिहिली. ही संस्था १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने गढ्याजवळ, नागपूर रस्त्यावर स्थापन केली. नागपूरहून मोटारीने येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तिची पाटी पाहिली असेल. मुलांच्या आजाराचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे होते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम हे प्रमाण स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत क्षम्य मानले जाते. तिलईपानीच्या पंपांत ते त्याच्या कित्येक पट होते. खोल खडकांच्या भेगांत दीर्घकाळ साचलेले पाणी काही खनिजांतील फ्लोराइड स्वतःत विरघळवून घेते. उथळ विहिरीत हा धोका सहसा कमी असतो. म्हणजे जितके खोल खणावे तितके पाणी जंतूंच्या दृष्टीने शुद्ध, आणि काही खडकांत तितकेच हाडांना घातक.

रोग नवा नव्हता. मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात १९३७ सालीच शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोंदवला होता. पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने काढून टाकण्याची 'नालगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केली, तीही तिलईपानीच्या बरीच आधी. ज्ञान नेल्लोरला होते, उपाय नागपूरला होता, आणि मूल मंडल्यात होते. ही तिन्ही टोके जोडण्याचे काम कोणत्याच खात्याच्या कामकाज वाटपाच्या नियमांत लिहिलेले नव्हते.

हातपंपाविषयी येथे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते की खेडोपाडी दिसणारा तो निळसर-करडा 'इंडिया मार्क २' पंप मूळचा मराठी मुलखातला आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबासाठी बनवलेले असत. अख्खे गाव त्यावर पाणी भरू लागले की ते महिना-दोन महिन्यांत मोडत. जालना येथील मिशनमधल्या मंडळींनी पोलादाचा दणकट पंप तयार केला, सोलापूरच्या मिशनमधील ऑस्कर कार्लसन यांनी त्यात सुधारणा केली, आणि १९७०च्या दशकात युनिसेफने हा सोलापुरी पंप पायाभूत धरून, सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांना सोबत घेऊन, 'इंडिया मार्क २' सिद्ध केला. धर्मादाय संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, शासन आणि कारखाना असे चौघे एकत्र येऊन घडलेली भारतातील इतकी यशस्वी वस्तू दुसरी शोधावी लागेल. त्या पंपाने पटकीपासून आणि हगवणीपासून वाचवलेली मुले कोणी मोजलेली नाहीत. मी पंपाच्या विरुद्ध लिहीत नाही आहे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

परंतु चौघांच्या त्या सहकार्यात पाचवा मनुष्य नव्हता. पाणी वर आल्यावर त्यात काय आहे आणि दहा वर्षांनी ते पिणाऱ्याच्या हाडांचे काय होईल, हे विचारणारा. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षे आमच्याकडील प्रपत्रांत एकच रकाना महत्त्वाचा असे: किती पंप बसवले. मला हे ठाऊक आहे, कारण नेपियर टाउनमधील माझ्या पहिल्या मुक्कामात अशाच निधीची उपयोगिता प्रमाणपत्रे तपासणे हे माझे काम होते. लक्ष्य इतके, साध्य इतके, टक्केवारी इतकी. साध्य शंभर टक्क्यांच्या वर गेलेल्या जिल्ह्यांच्या कागदावर मी हिरव्या शाईने शेरा लिहीत असे. पाण्याच्या गुणवत्तेचा रकाना प्रपत्रात नव्हता आणि तो का नाही, हे विचारावे असे मला एकदाही सुचले नाही. मी तेव्हा तिशीत पाऊल टाकत होते. अर्थशास्त्रातील बाह्य परिणामांचे प्रकरण मला तोंडपाठ होते. पिगूच्या कारखान्याचा धूर मी परीक्षेत उत्तम लिहिला होता. पण कारखान्याच्या जागी सरकारी खाते आणि धुराच्या जागी गोड पाणी असू शकते, हे पाठ्यपुस्तकात नव्हते.

मंडला जिल्ह्यालाच हे दोनदा भोगावे लागले. नर्मदेवरील बरगी धरणात १९९०च्या सुमारास पाणी साठले. डॉ. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाच्या काठची आणि दूरची गावे तुलना करून पाहिली, तेव्हा काठच्या गावांत मलेरियाचा भार अधिक आढळला. तो निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. धरणाच्या लाभ-व्ययाच्या गणितात सिंचन होते, वीज होती, बुडालेली जमीनही होती. डासांची बाजू कोणी मांडली नव्हती. सिंचन खात्याने मलेरिया निर्माण करायचा आणि आरोग्य खात्याने क्लोरोक्विन वाटायचे. दोन्ही खाती आपापल्या जागी कार्यक्षम, दोघांचाही निधी वेळेत खर्च झालेला.

शासनाच्या हिशेबात सार्वजनिक आरोग्य मुख्य शीर्ष २२१० खाली येते, पाणीपुरवठा २२१५ खाली आणि पोषण २२३६ खाली. त्या मुलीचा गुडघा या तिन्ही शीर्षांच्या मध्ये कुठेतरी आहे. पाण्यातील फ्लोराइडमुळे तिचे हाड बिघडले, आहारात चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे प्रमाण अपुरे असल्याने ते वाकले, आणि वाकल्यानंतर ते आरोग्य खात्याकडे आले. एका शीर्षातील पैसा दुसऱ्यात वळवायचा तर काय काय करावे लागते, हे या सेवेतल्या माणसाला सांगायला नको. आणि विनोद म्हणा की दैवदुर्विलास, या सगळ्यात राष्ट्रीय उत्पन्नात भर पडली ती फक्त शस्त्रक्रियेच्या बिलाची. रोग झाला नसता तर देश तितक्या रुपयांनी गरीब राहिला असता!

यावर आमचा ठरलेला उपाय म्हणजे समन्वय समिती. अल्मा-आटाच्या १९७८च्या जाहीरनाम्यात आरोग्यासाठी शेती, अन्न, शिक्षण, घरबांधणी अशा सर्व क्षेत्रांचे सहकार्य हवे, असे म्हटल्यापासून अशा समित्यांचे पीक आले आहे. काही वर्षांपूर्वी मध्य भारतातील एका जिल्ह्यात (नाव सांगत नाही) अशा समितीच्या बैठकीला निरीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. एकवीस खात्यांचे प्रतिनिधी होते. त्यातील बहुतेक प्रतिनिधींचे प्रतिनिधी होते. फ्लोराइडबाधित पंपांचा विषय अकरावा होता. आरोग्याधिकारी म्हणाले, पंप आमचा नाही. अभियंता म्हणाले, पंप चालू स्थितीत आहे, आमच्या दृष्टीने तक्रार नाही, शिवाय देखभाल पंचायतीकडे दिलेली आहे. पंचायतीच्या वतीने कोणी आलेच नव्हते. "सर्व संबंधितांनी समन्वयाने कार्यवाही करावी" असे इतिवृत्तात नोंदले गेले आणि आम्ही बाराव्या विषयाकडे वळलो. कोणी कामचुकार नव्हते. प्रत्येकाचे म्हणणे नियमाला धरून होते. 'सर्व संबंधित' या शब्दप्रयोगाचा प्रशासकीय अर्थ 'कोणीही नाही' असा होतो, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून माझे मत असे बनले आहे की आंतरक्षेत्रीय सहकार्य एकवीस खात्यांचे होत नाही. ते दोघांचे होते, फार तर तिघांचे. आणि तेही एका छोट्या, मोजता येणाऱ्या गोष्टीभोवती. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी जोडला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण त्या पंपाचा दांडा काढण्याचा अधिकार स्नोंना नव्हता, तो स्थानिक पॅरिश मंडळाला होता, आणि मंडळातील पुष्कळांना त्यांचे म्हणणे पटलेले नसतानाही दांडा काढला गेला, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे.

जवळचे उदाहरण हवे तर पुन्हा मंडलाच घ्यावे. मध्य प्रदेश शासन, जबलपूरची हीच संशोधन संस्था आणि सन फार्मा या औषध कंपनीने स्थापन केलेली एक ना-नफा संस्था या तिघांनी मिळून जिल्ह्यातील १,२३३ गावांत मलेरिया निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला. २०१७ ते २०२० या तीन वर्षांत तेथील स्थानिक संसर्गाचे रुग्ण ९१ टक्क्यांनी घटले, असे प्रकल्पाच्या निबंधांत नोंदले आहे. खाजगी कंपनी आली म्हणून हे झाले असे मी मानत नाही, आणि ती आली म्हणून नाक मुरडावे असेही मला वाटत नाही. कामाची बांधणी पाहावी. ताप आलेला प्रत्येक मनुष्य शोधायचा, रक्त तपासायचे, औषध द्यायचे, पुन्हा जाऊन पाहायचे. त्याची नोंद त्याच दिवशी भ्रमणध्वनीवर, आणि वरच्या माणसाने ती तपासायची. कोणाचे काय चुकले हे दुसऱ्या दिवशी समजत असे. समितीत ते पुढच्या तिमाहीत समजते, किंवा समजतच नाही.

फ्लोराइडच्या बाबतीत असे काय करता येईल? राष्ट्रीय फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. जल जीवन मिशनमध्ये, म्हणजे २०१९ नंतर, गावोगावी पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. ती मला फार मोलाची वाटते. पण मी पाहिलेल्या ठिकाणी त्या तपासणीचा आकडा पाणी खात्याच्या संगणकावर चढतो आणि तिथेच राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला तो दिसत नाही. उलट बाजूने, शाळेतील शिक्षकाला मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे रोज दिसतात. गुडघा वाकण्याच्या कितीतरी आधी दात बोलतात. पण शिक्षकाने ते कोणाला सांगायचे, याचा कागद नाही. आणि नेपियर टाउनमधला अस्थिरोगतज्ज्ञ? त्याच्याकडे वर्षाकाठी असे जे रुग्ण येत असतील त्यांच्या गावांची यादी केली तर तोच नकाशा होईल. क्षयरोगाच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची सूचना शासनाला देणे बंधनकारक आहे, आणि नंतर त्यासाठी पाचशे रुपये मानधनही ठेवले गेले. वाकलेल्या गुडघ्याच्या गावाचा पत्ता कळवण्यासाठी पाचशे रुपये फार नाहीत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अधिकार आणि पैसा एकाच टेबलावर हवा. पंपाचे पाणी मर्यादेबाहेर आढळले तर त्यावर खूण करण्याचा, पर्यायी पाणी मागण्याचा आणि त्यासाठी दहा-वीस हजार रुपये खर्चण्याचा अधिकार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावा. पर्याय न देता पंप बंद करणे हा मात्र गुन्हा ठरेल. लोक ओढ्यावर जातील आणि हगवण दोन दिवसांत मूल नेईल. फ्लोराइड दहा वर्षे घेते. पंप धुण्याभांड्यांना राहू द्यावा, पिण्याचे आणि रांधण्याचे पाणी वेगळे करावे. अभियंत्यांना हा अधिकारावर घाला वाटेल, याची मला कल्पना आहे. माझ्या परिचयातील दोन अभियंत्यांनी तसे बोलूनही दाखवले आणि त्यांचा एक मुद्दा रास्त आहे: तपासणीचा संच रंग दाखवतो, अचूक आकडा नाही, म्हणून प्रयोगशाळेची खातरजमा हवी. ती पंधरा दिवसांत यावी, इतकेच.

पोषणाची बाजू मला सर्वात जवळची वाटते. फ्लोराइड कॅल्शियमशी बांधले जाते. ज्याच्या ताटात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसे आहे, त्याच्या हाडांची हानी कमी होते. मंडल्यात संशोधकांनी महागड्या गोळ्यांऐवजी रानात आपोआप उगवणारी चकोडा भाजी खाण्याचा आग्रह धरला. हा चकोडा म्हणजे आपला टाकळा, वऱ्हाडात आणि नागपूरकडे ज्याला तरोटा म्हणतात तो. पहिल्या पावसानंतर आई तरोट्याची कोवळी पाने लसूण आणि भिजवलेल्या डाळीबरोबर परतत असे; कडवट लागते म्हणून आम्ही भावंडे ताटाच्या कडेला सारत असू. नेपियर टाउनच्या माझ्या पहिल्या मुक्कामात मालकीणबाई काकू गोलबाजारातून नव्हे, तर सायन्स कॉलेजकडच्या मोकळ्या माळावरून ती खुडून आणत आणि "विकत कसला घेतेस गं टाकळा!" म्हणून मला हसत. हाच टाकळा अंगणवाडीच्या आहारात घालावा, असे मी एका बैठकीत सुचवले. उत्तर मिळाले की त्याचा मंजूर दर नाही, पुरवठादार नाही आणि तो वर्षभर मिळत नाही. तिसरा मुद्दा खरा आहे, वाळवून ठेवता येत असला तरी. पहिल्या दोघांवर मी आजही विचार करते. जी वस्तू फुकट मिळते ती शासनाला घेताच येत नाही.

या नेपियर टाउनमध्येच मुलींचे शासकीय गृहविज्ञान महाविद्यालय आहे. तेथे आहारशास्त्र शिकवले जाते. शेकडो मुली दरवर्षी प्रकल्प लिहितात. तेथून अस्थिरोगाचे कोणतेही इस्पितळ चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आणि संशोधन संस्था गावाच्या टोकाला. एका मराठी म्हणीप्रमाणे काखेत कळसा आहे. या तिघांना सांधायला अल्मा-आटाची गरज नसावी. जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम सुरू केले तेव्हा लोकांनी औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले, आणि त्यांनी ते ऐकले. विंधनविहिरी खणणे हे डॉक्टरचे काम नाही, असे म्हणणारा वरिष्ठ त्यांच्यावर नव्हता, हे त्यांचे भाग्य.

असो. त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली, एका पायाची. दुसऱ्याची पुढच्या वर्षी होणार आहे. मी तिच्या टोल्याचे नाव लिहून तीन कार्यालयांना पत्रे पाठवली, पदनाम न घालता, साध्या नागरिकाच्या नात्याने. एकाची पोच आली. दुसऱ्याकडून काहीच आले नाही. तिसऱ्याने कळवले की सदर विषय त्यांच्या अखत्यारीत येत नसल्याने पत्र संबंधित विभागाकडे वर्ग केले आहे. तो संबंधित विभाग म्हणजे मी ज्याला पहिले पत्र लिहिले होते तोच.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांचा दूरध्वनी आला. पंपाला पुन्हा लाल रंग लागला आहे. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी लावला, फाटकाला द्यायला आणलेल्या डब्यातला उरलेला. टोल्यातील बाया आता विहिरीचे पाणी आणतात. मे महिन्यात त्या विहिरीला पाणी असते का, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.